बादरायण संबंध

एक गृहस्थ बैलगाडी जोडून परगावी निघतो. वाटेत दुपार होते, भूक लागते. बरं घर बघून तो सरळ आत शिरतो आणि पाय धुऊन पाटावर बसतो. यजमानाला वाटतं, हा बायकोच्या माहेरचा. बायकोला वाटतं, हा सासरच्यांपैकी कुणीतरी. पाहुण्याला आग्रह करकरून वाढलं जातं. हात धुताना यजमान भीत भीत विचारतो, "आपलं आमचं नातं नेमकं कसं?" पाहुणा ढेकर देऊन सांगतो, "माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, आणि तुमच्या अंगणात बोरीचं झाड. झालं की नातं!"

हाच तो सुप्रसिद्ध बादरायण संबंध. बदरी म्हणजे बोर. शाळेत ही गोष्ट सांगताना आमचे संस्कृतचे मास्तर पोट धरून हसत. वर्गात मात्र सन्नाटा. आम्हा पोट्ट्यांना त्यातला विनोदच कळत नसे. बोरीवरून नातं लागणार नाही, तर लागणार कशावरून?

आमचा नाइलाज होता. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. बाजाराला जायचं ते बोरी अरबला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार तेलंगणाच्या वेशीवर, पाटणबोरी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात बोर नावाची नदी, तिच्यावर बोर नावाचं धरण आणि भोवती बोर नावाचं जंगल. ते जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा आमच्याकडचे वाघसुद्धा कागदोपत्री बोरीच्या नात्यात आले. 'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी' ही म्हण महाराष्ट्रात इतरत्र उपमा म्हणून वापरतात. आमच्याकडे ते नुसतं गावाचं वर्णन आहे.

तर आमच्या घराचे दोन भाग. वरचं घर आणि खालचं घर. आमचं खालचं. ज्या काळी जिल्ह्याचं नाव अजून वणी होतं, म्हणजे १९०५ च्या आधी, त्या काळात केव्हातरी पणजोबांनी आणि त्यांच्या भावानं वाटण्या केल्या. भांडी वाटली, बैल वाटले, देवसुद्धा वाटले. राहिली ती दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बोर. ती कुणाची, हे कागदावर लिहायचं राहून गेलं. पुढं तीन पिढ्या दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. त्याला इतरही कारणं असतील, पण आम्हाला सांगितलं जाई ते हेच.

बोलणं बंद असलं तरी बोरीचा कायदा मात्र पक्का होता. फळ या अंगाला पडलं तर आमचं, त्या अंगाला पडलं तर त्यांचं. झाडावर चढायचं नाही. दगड मारायला हरकत नाही. त्यामुळं कुठल्या कोनातून दगड मारला असता बोर आपल्या हद्दीत पडतं, याचा अभ्यास आम्ही लहानपणीच पुरा केला होता. पुढं पदार्थविज्ञानात मी नापास झालो, तो दोष माझा नव्हे. पुस्तकात बोरीचं उदाहरणच नव्हतं.

मागच्या पावसाळ्यानंतर गावाहून पुतण्याचा फोन आला.

"काकाजी, धुऱ्यावरची बोर पाडून टाकतो म्हणतो मी."

"काहून रे?"

"टॅक्टर वळत नाई तिथं. सावलीनं पऱ्हाटी होत नाई. आन् ते बोरं खाते कोन आता? पोट्टे त कुरकुरे खाते."

मुद्दे बिनतोड होते. शेत तो करतो. मी पुण्यात बसून निवृत्तिवेतन खातो. ज्याच्या हातात नांगर, त्याच्याशी वाद घालण्याचा नैतिक अधिकार मला नाही, एवढं मला समजतं. म्हणून मी वाद घातला नाही. मी त्याला बोरीचा इतिहास लिहून पाठवायचं ठरवलं. सौ. म्हणाली, "त्यापेक्षा वाद घाला. लवकर संपेल."

इतिहास लिहायला बसलो तेव्हा माझा अंदाज दोन पानांचा होता. पण ही बाई (बोर हे झाड स्त्रीलिंगी आणि फळ नपुंसकलिंगी, हा मराठी व्याकरणाचा एक जुना अन्याय आहे) भलतीच जुनी निघाली. बलुचिस्तानात मेहरगढ इथं जी वस्ती उकरून काढली, ती नऊ हजार वर्षांपूर्वीची. माणूस तिथं नुकता कुठे शेती शिकत होता. त्या थरांत जव सापडले, गहू सापडला आणि बोराच्या बिया सापडल्या. म्हणजे ज्या दिवशी मनुष्यप्राण्यानं पहिल्यांदा शेत केलं, त्या दिवशी धुऱ्यावर बोर असणार. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी जव, मसूर, कुळीथ खात आणि तोंडी लावायला रानातली बोरं. खाऊन बिया तिथंच टाकल्या म्हणून आपल्याला हे कळलं. नीटनेटक्या, कचरा बाहेर नेऊन टाकणाऱ्या माणसांचा इतिहास लिहिणं फार कठीण असतं.

पण खरी गंमत पुढंच आहे. बोर मुळात आली कुठून? शतपथ ब्राह्मणात याचं उत्तर दिलंय, आणि ते वाचल्यापासून माझ्या मनात बोराबद्दलचा आदर शतपट वाढला. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्रानं मारलं. त्वष्टा चिडला आणि त्यानं सोमयागाला इंद्राला बोलावणंच केलं नाही. इंद्र तो इंद्रच! न बोलावता गेला आणि घागरीतला सोम बळेबळे पिऊन टाकला. नाव-गाव न विचारता पाटावर बसणारा तो बादरायण पाहुणा यापुढं काहीच नाही. व्हायचं ते झालं. सोम बाधला. इंद्राच्या अंगातून तो वाटेल तिथून वाहायला लागला, आणि तीन वेळा तो जे थुंकला त्यातून तीन जातींची बोरं झाली: कुवल, कर्कंधू आणि बदर.

बोर आणि थुंकणं यांचा संबंध इतका प्राचीन आहे, हे आमच्या शाळेतल्या मास्तरांना ठाऊक असतं, तर बाकाखाली सापडलेल्या बियांवरून आमच्या हातावर छड्या बसल्या नसत्या. आम्ही परंपरा चालवत होतो.

या आजारी इंद्राला अश्विनीकुमारांनी आणि सरस्वतीनं बरं केलं, ते सौत्रामणी नावाच्या यज्ञानं. त्या यज्ञात देवांना जे पेले द्यायचे, त्यांत ह्या तीन बोरांचं पीठ घालायचं. अश्विनांच्या पेल्यात एक, सरस्वतीच्या पेल्यात दुसरं, इंद्राच्या पेल्यात तिसरं. हे वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बोराचं पीठ! म्हणजे बोरकूट! शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी कागदाच्या पुडीत बांधून पाच पैशांना जे विकायची, ते अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी ऋत्विज मंत्र म्हणून देवांना देत होते. फरक इतकाच की म्हातारीच्या पुडीत तिखट-मीठ जास्त असे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, त्यामुळं इंद्राला अळणी बोरकुटावर भागवावं लागलं.

आयुर्वेदानं तर बोराला वजनाचं माप करून टाकलं. चरकसंहितेत मापं सांगताना दोन शाण म्हणजे एक कोल, दोन कोल म्हणजे एक कर्ष असा हिशेब आहे. कोल म्हणजे बोर. त्याचं बदर हे नावही तिथंच दिलंय. आजच्या भाषेत कोल म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. पुढं सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात बोरांचे आकारावरून तीन भेद केलेत. मोठं ते सौवीर, मधलं ते कोल, बारकं ते कर्कंधू. वैद्यानं 'अमुक औषध बोराएवढं घ्या' म्हटलं की रोग्यानं 'कुठल्या बोराएवढं?' असं विचारावं, एवढी सोय शास्त्रानं करून ठेवली होती.

पुतण्या रामभक्त आहे, म्हणून शबरीचा पुरावा मी राखून ठेवला होता. तोच नेमका फसला. वाल्मीकिरामायणाचं अरण्यकांड काढून पाहिलं. शबरी आहे, पंपेचा काठ आहे, तिनं रामासाठी रानातलं गोळा केलेलं खाद्यही आहे. उष्टी बोरं मात्र नाहीत! बोराचं नावच नाही. ती गोष्ट पुढच्या भक्तांनी घातली. मी थोडा खट्टू झालो, मग विचार केला की, रामाला शबरीनं काय दिलं असेल हे ठरवायची वेळ आली, तेव्हा लोकांना आंबा आठवला नाही, फणस आठवला नाही. गरीब बाई आपल्या हातानं जे देऊ शकते ते बोरच, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आंबट निघालं तर काय, म्हणून आधी चाखून बघायचं हेही बोर खाल्लेल्या माणसालाच सुचणार. हा पुरावा मी पत्रात घातला, पण खालची रेघ मारली नाही.

शास्त्रीय पुरावे गोळा करताना मात्र मी नामोहरम झालो. आपल्या बोरीचं वनस्पतिशास्त्रातलं नाव झिझिफस मॉरिशियाना. लामार्क नावाच्या फ्रेंच पंडितानं ते १७८९ साली ठेवलं. त्याच साली पॅरिसात लोक बॅस्टिलचा तुरुंग फोडत होते. त्या गडबडीत आमची बोर मॉरिशसची होऊन बसली. आणि बोरात जी अळी निघते, तिच्या माशीचं नाव कार्पोमाया व्हेसुव्हियाना. ते एका इटालियन पंडितानं १८५४ साली इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरून ठेवलं. म्हणजे झाड मॉरिशसचं, अळी इटलीची, आणि दोघांचं लग्न आमच्या धुऱ्यावर! बादरायणानंसुद्धा एवढं लांबचं नातं जोडलं नव्हतं.

हा सगळा इतिहास झाला राजामहाराजांचा आणि पंडितांचा. आमच्या घरचा इतिहास आजीच्या उखळात होता.

पौषात बोरं पिकायची. सगळ्यात आधी भोगीच्या भाजीत चार बोरं पडायची. मग संक्रांतीच्या सुगडात, आणि मग ज्या घरी तान्हं पोर असेल तिथं बोरन्हाण. तिळाच्या रेवड्या, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि बोरं पोराच्या डोक्यावरून ओतायची आणि बाकीच्या पोरांनी लुटायची. ज्याचं न्हाण असे ते भोकाड पसरून रडत असे. डोक्यात बोरं पडल्यावर कोण हसेल? पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

एवढं होऊन उरलेली बोरं आजी माळवदावर वाळत टाकायची. हलवली की आत बी खुळखुळ वाजली पाहिजे, तोवर. मग उखळात घालून मुसळानं हलक्या हातानं कांडायची. हात जड पडला तर बी फुटते आणि कूट कडवट होतं. आजी म्हणायची, "सुनेशी बोलावं तसं कांडावं." माझी आई तिथंच बसलेली असे आणि ती काहीच बोलत नसे. कांडून झालं की चाळणीतून चाळायचं, मीठ, तिखट आणि थोडा गूळ मिसळायचा आणि मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधायचं. चिंच महागली की तेच वरणात पडायचं. चैत्र-वैशाखात भाजी नसली की भाकरीबरोबर तेच, तेलाचा थेंब टाकून. काही वाळकी बोरं तशीच अख्खी राखायची आणि उन्हाळ्यात भिजवून गुळात शिजवायची. सफरचंदापेक्षा बोरात 'क' जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. आजीला कळलं असतं तर ती म्हणाली असती, "असन. त्यायले राहू दे तिथंच."

बोरीची एक रानटी बहीणही आहे. ती म्हणजे येरोणी. आकड्यासारखे काटे असलेली ही वेल झाडाझुडपांवर चढते आणि तिला वाटाण्याएवढी काळीभोर चकचकीत फळं येतात. आंबटगोड असतात, आणि खाल्ली की जीभ साक्ष देते. संस्कृतात तिचं नाव 'कोल्ह्याचं बोर' अशा अर्थाचं आहे, आणि आश्चर्य म्हणजे इंग्रजांनीही तेच ठेवलंय. कोल्हा खातो हे दोघांनीही स्वतंत्रपणे पाहिलेलं दिसतं. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या बाजारात कोलाम बाया या येरोण्या टोपलीत घेऊन बसत आणि गिलासानं मोजून देत. वर एक मूठ मोकळी. ती वरची मूठ टाकताना त्या गिऱ्हाइकाकडे न बघता दुसरीकडे बघत, जणू हात आपला आपण चुकला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानातल्या अशा गौण उपजावर रानातल्या माणसांची मालकी कागदावर मान्य केली. ज्यांच्या आज्यांनी रान राखलं त्यांना तो कागद मिळायला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न विनोदी लेखकानं विचारू नये म्हणतात. विचारून ठेवतो.

तर बोरकुटाचं मडकं भरलं की आजी एक पितळी वाटी घ्यायची, काठोकाठ भरायची आणि मला म्हणायची, "जाय, वरल्या घरी ठेवून ये. बोलू नको काही." मी जाऊन ओट्यावर वाटी ठेवायचो. आतून वरच्या घरची म्हातारी यायची, वाटी उचलायची, तीही काही बोलायची नाही. संध्याकाळी वाटी आमच्या ओट्यावर परत. रिकामी कधीच नाही. जवसाची चटणी असे, नाहीतर दोन लाडू. तीन पिढ्या न बोलणाऱ्या दोन घरांत दरवर्षी एवढा पत्रव्यवहार चाले. दोन्ही आजोबांना तो ठाऊक होता की नाही, मला माहीत नाही. पण आमचे आजोबा जवसाची चटणी मागून घेत आणि कुणाच्या हातची ते विचारत नसत.

हे सगळं मी पुतण्याला लिहिलं. बारा पानं झाली. टपालानं पाठवली. आठ दिवसांनी फोन.

"काकाजी, वाचलं सारं. मस्त लिवलं."

"मग?"

"मंग काई नाई. बोर इतकी जुनी हाय त आधी ते कोनाची हाय ते पाहून घेतो. मोजनी लावतो."

बारा पानांच्या इतिहासाचा त्यानं एवढाच अर्थ घेतला. पैसे भरले, तारीख लागली. भूकरमापक आले. मी मुद्दाम गावी गेलो. वरच्या घरचे माझे चुलत भाऊही काठी टेकत आले. वय वर्षं ऐंशी. आम्ही दोघं धुऱ्याच्या दोन अंगांना उभे राहिलो, बोर मध्ये. यंत्र लागलं, खुणा झाल्या, नकाशा पसरला. झाडाचं खोड पुरतं चार हात वरच्या घराच्या शेतात निघालं. धुराच कधीतरी सरकला होता. कुणी सरकवला, ते नकाशा सांगत नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

म्हणजे शंभरहून जास्त वर्षं आमचं खालचं घर दुसऱ्याच्या झाडाची बोरं खात होतं. पणजोबा, आजोबा, आजी, मी, सगळेच. मी नेम धरून मारलेले सगळे दगड चोरीच्या सदरात जमा झाले. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याचं चार हात शेत गेलं आणि शिवाय ट्रॅक्टर वळायचा तो नाहीच.

चुलत भाऊ बराच वेळ झाडाकडे बघत उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्याकडं कांडनारं कोनी उरलं नाई आता. सुना पुन्याले हायेत." थोड्या वेळानं पुतण्याला म्हणाले, "झाड राहू दे. टॅक्टर माह्या अंगानं वळव."

वाक्य एवढंच. दोन घरांतलं शंभर वर्षांतलं बहुधा पहिलंच, आणि त्यात विषय ट्रॅक्टरचा.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाजारात ते अ‍ॅपल बोर नावाचं हिरवं, हातभर फळ आलंय. थायलंडहून आलं म्हणतात. दिसायला देखणं, चवीला पाणी. सौ. ते आणते. मी खातो, पण त्याची बी थुंकावीशी वाटत नाही, कागदात गुंडाळून ठेवावीशी वाटते. त्याचं बोरकूट करून पाहिलं. वाळता वाळता त्याचं काही उरेचना.

परवा, संक्रांतीनंतर, वरच्या घरची नातसून गावाहून परत आली. ती इथं कोथरूडला राहते हे मला त्या मोजणीच्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हतं. दारात उभी राहिली, हातात पितळी वाटी, वर फडकं बांधलेलं.

"आजेसासऱ्यांनी दिलंय. पुतण्यानं तुमच्या बोरं वेचली, आणि कांडलंय आजेसासऱ्यांनी स्वतः. बोलू नको काही, नुसतं ठेवून ये म्हणाले होते. पण बेल वाजवल्याशिवाय कसं ठेवणार?"

तिला आत बोलावलं, चहा दिला. सौ.नं तिला विचारलं, "तुमचं आमचं नातं नेमकं कसं गं?" आणि मला ठसका लागला.

बोरकूट जरासं कडवट झालंय. हात जड पडलेला दिसतो. आता वाटी रिकामी परत पाठवायची नाही, म्हणून तिच्यात काय भरावं यावर गेले दोन दिवस घरात चर्चा चालू आहे. माझं म्हणणं बाकरवडी. सौ. म्हणते, वऱ्हाडच्या वाटीत पुण्याचं काही शोभणार नाही. जवस आणून ती स्वतःच चटणी कुटायला बसली आहे. मिक्सरवर.